प्रकारांची कुंपणे आणि खेळाडूचा निर्णय

व्हिडिओ गेमच्या रचनेविषयी एक मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. प्रत्येक गेमप्रकाराचे नियम आता ठरून गेले आहेत, खेळाडू त्यांच्याच भरवशावर पैसे मोजतो, म्हणून रचनाकाराने आपल्या प्रकाराची चौकट पाळावी आणि तिच्या आत सफाई आणावी. एका प्रकारातले दुसऱ्यात घातले की खिचडी होते, असा हा पूर्वपक्ष आहे. तो व्यवहारी वाटतो, परंतु गेमचा इतिहास समोर ठेवला की त्याचा पायाच उरत नाही.

ज्यांना प्रकाराचे नियम म्हणून पुजले जाते, त्यांतले कित्येक यंत्राच्या अडचणीतून जन्मले आहेत. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होतील तसे उरलेले वेगाने सरकतात, कारण आकृत्या कमी झाल्या की तेव्हाचा प्रोसेसर त्या लवकर काढून मोकळा होत असे. नावांचेही तेच: १९९३ च्या ‘डूम’ या नेमबाजीच्या गेमनंतर तशा गेमना काही काळ डूमच्या नकलाच म्हटले जाई, प्रकाराचे रूढ नाव मागाहून आले.

खरा प्रश्न मात्र खिचडीच्या आरोपाचा आहे आणि तो सविस्तर तपासला पाहिजे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठीय संगणकांवर पसरलेल्या ‘रोग’ या गेममध्ये तळघराचा नकाशा दर डावाला नव्याने तयार होई आणि नायक मेला की डाव संपे. जतन केलेला डाव एकदा उघडला की त्याची फाइल पुसली जाई, म्हणजे मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. याला खेळाडू ‘पर्माडेथ’, म्हणजे कायमचा मृत्यू, म्हणतात. ही रचनाकाराची क्रूर लहर नव्हे. ‘रोग’मधल्या औषधांचे रंग दर डावात बदलतात, त्यामुळे हातातले औषध तारक की मारक हे बहुधा पिऊनच कळते; पिऊन पाहून पुन्हा मागे जाता आले असते, तर त्या घोटातली जोखीम संपली असती आणि निर्णयही उरला नसता. पुढे २००८ साली बर्लिनमध्ये भरलेल्या या धर्तीच्या गेमच्या रचनाकारांच्या परिषदेत प्रकाराच्या लक्षणांची यादी तयार झाली आणि आळीपाळीने चालणारा, चौकटींच्या नकाशावरचा खेळ ही त्यांतली महत्त्वाची लक्षणे ठरली. त्याच वर्षी ‘स्पेलंकी’ आला, जो आळीपाळीने चालत नाही आणि उड्या मारत पुढे जाण्याच्या, म्हणजे प्लॅटफॉर्म गेमच्या, घराण्यातला आहे. त्या घराण्याची रीत अशी की लेव्हल ठरलेली असते आणि खेळाडू मरून मरून ती पाठ करतो. ‘स्पेलंकी’ने दर डावाला लेव्हल बदलून ही घोकंपट्टी संपवली: भिंतीतला बाणाचा सापळा दिसला की आधी एक दगड त्याच्यासमोरून फेकायचा, बाण सुटू द्यायचा, मग खाली उतरायचे, हे खेळाडूला पाहून आणि विचार करून ठरवावे लागते. २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘स्ले द स्पायर’ने तीच युक्ती पत्त्यांच्या खेळात नेली. तिथे शत्रूच्या डोक्यावर त्याचा पुढचा वार आकड्यासह दिसतो. सुरुवातीला हातात पाच पत्ते, खर्चायला तीन शक्ती, वाराच्या साध्या पत्त्याने सहा गुणांचे नुकसान आणि बचावाच्या पत्त्याने पाच गुणांची ढाल, एवढ्यावर मारावे की वाचावे हे ठरते. इथे गमावलेले प्राण पुढच्या लढतीत आपोआप पूर्ण भरून येत नाहीत, म्हणून क्षुल्लक शत्रूसमोरही हात आखडता घ्यावा लागतो. यादीवाल्यांनी कुंपण घातले तरी जोखमीचे तत्त्व त्याबाहेर गेले आणि तीन घराण्यांत सारख्याच ताकदीने उभे राहिले.

गेम म्हणजे कथा की नियम, हा विद्यापीठांतला जुना वादही अशाच कुंपणावर अडला होता. २०२० च्या ‘हेडीज’मध्ये नायक दर मरणानंतर बापाच्या वाड्यात परततो आणि तिथली संभाषणे पुढे सरकतात; मृत्यूचा नियमच तिथे कथेचे इंजिन होतो, आणि दोन्ही पक्षांना उत्तर मिळते.

खेळाडूच्या अपेक्षेचा मुद्दा बटणांच्या सवयीपुरता खरा आहे, त्यापलीकडे नाही. उलट, अनुभवगुण आणि पातळ्यांचे आकडे दिसेल त्या गेमला चिकटवण्याचा जो खरोखर निंद्य प्रघात पडला, तो चौकटीच्या आत सफाई आणणाऱ्यांनीच पाडला. नेमबाजीत अचूक नेमाऐवजी वाढता आकडा बक्षीस ठरला, तेव्हा त्यांना खिचडीची आठवण झाली नाही.

मग मंडन काय? रचनेचा आरंभ प्रकारापासून न करता एका निर्णयापासून करावा: या क्षणी खेळाडूला काय ठाऊक आहे, तो काय पणाला लावतो आणि चुकल्यास काय गमावतो. उसना नियम या तिन्हींपैकी काही बदलत असेल तर घ्यावा, नुसती भर घालत असेल तर सोडावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तशा छोट्या चमूंना हे अधिक लागू आहे, कारण प्रकाराची संपूर्ण यादी पुरी करण्याइतका पैसा आणि मनुष्यबळ मोठ्या कंपन्यांकडेच असते. अशा चमूंनी आराखड्यातला ‘प्रकार’ हा रकाना मूळ निर्णय कागदावर खेळून पारखेपर्यंत कोराच ठेवावा.