यंत्रे आली, पण रुग्णाच्या उशाशी कोण?



२६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे एका खत कारखान्याच्या समुद्राखालील नळातून अमोनिया वायू सुटला. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम या कोळीवस्त्यांतील माणसे पोराबाळांना उचलून अंधारात पळत सुटली. पन्नासच्या आसपास लोकांना इस्पितळात दाखल करावे लागले. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्याच एन्नोरला वीज प्रकल्पाच्या बांधकामावर लोखंडी सांगाडा कोसळला. परप्रांतातून पोट भरायला आलेले नऊ मजूर ठार झाले. जखमींना स्टॅन्ली सरकारी इस्पितळात नेले. नुकसानभरपाई जाहीर झाली. पण जो जिवंत इस्पितळात पोचतो, त्याच्या उशाशी रात्रभर कोण असते, हा सवाल कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो.

अमोनिया छातीत गेलेला माणूस संध्याकाळी बरा दिसतो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी भरू शकते. असा रुग्ण व्हेंटिलेटरवर नसतो, पण त्याला साध्या वॉर्डात टाकूनही भागत नाही. त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण तासातासाला, कधी त्याहून लवकर पाहावे लागते. श्वासाची गती वीसवरून तीसवर गेली, याचा अर्थ ओळखून डॉक्टरला तत्काळ बोलावणारी परिचारिकाच त्याला वाचवते. मॉनिटर नुसता वाजतो. तो का वाजतो हे शिकलेल्या माणसालाच कळते.

नव्या सेक्शनवर रोड लर्निंग झाल्याशिवाय ड्रायव्हरच्या हाती गाडी दिली जात नाही, हे रेल्वे कामगाराला सांगायला नको. मग काल प्रसूती वॉर्डात असलेल्या सिस्टरला आज अतिदक्षता विभागात उभे करून "कामातून शिकेल" असे म्हणणे हा कुठला न्याय? ती शिकेलही, पण कोणाच्या जिवावर?

नियम नाहीत असे नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. गंभीर रुग्णांच्या शुश्रूषेसाठी एक वर्षाची पदविका आहे, दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक उभारण्याची योजना आणली. इमारतीला कंत्राटदार मिळतो, यंत्राला पुरवठादार मिळतो. माणसाची वेळ आली की मात्र तिजोरी रिकामी!

तामिळनाडूचेच पाहा. २०१५ मध्ये भरती मंडळामार्फत घेतलेल्या परिचारिकांना दरमहा ७,७०० रुपये ठोक वेतन दिले गेले. दोन वर्षांनी कायम करण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये हजारो भगिनी चेन्नईत संपावर उतरल्या. शिकलेल्या परिचारिका परदेशी पळतात, अशी ओरड करणाऱ्यांनी आधी या ७,७०० रुपयांचा जबाब द्यावा.

आणि दुर्घटना घडली की बळी कोणाचा? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. कर्तव्यात कसूर झाली तर चौकशी जरूर व्हावी. पण ती खाटेपाशी थांबू नये, मंत्रालयापर्यंत जावी.

परिचारिका काय करू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या केईएममधील परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारी भगिनीला १९७३ पासून २०१५ पर्यंत ४२ वर्षे जपले. त्या कौशल्याला 'सेवाभाव' म्हणून हार घालायचे आणि वेतनाचा प्रश्न आला की पाठ फिरवायची, हे ढोंग आता बंद झाले पाहिजे.

हा प्रश्न परका नाही. १९७५ मध्ये देशातील पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे इस्पितळात झाली. ते इस्पितळ तुमचे-आमचे आहे. तेव्हा शाखाशाखांतून विचारा: आपल्या रेल्वे इस्पितळात, टपाल कामगार ज्या सीजीएचएसच्या पॅनेलवरील इस्पितळात जातो तिथे, रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात? त्यांतल्या प्रशिक्षित किती? कंत्राटी किती? पीएनएम आणि जेसीएमच्या बैठकांत हे प्रश्न मांडा. आमची मागणी साफ आहे: पगारी रजेसह प्रशिक्षण, मंजूर पदांवर कायम भरती, प्रशिक्षितांना विशेष भत्ता.

परिचारिकांचा लढा हा त्यांच्या पगारापुरता नाही. उद्या त्या खाटेवर आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे!