प्रेक्षकाच्या प्रतीक्षेचे मोल

केबल टेलिव्हिजनविषयक १९९५ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही अखेरची मुदत ठरली. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या. मात्र पूर्वी बटण दाबताच दिसणारी वाहिनी आता क्षण-दोन क्षण काळ्या पडद्याआड अडून राहू लागली. हा विलंब क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. तथापि त्यामागचा हिशेब तपासला, तर साधनांच्या वाटपाचा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा दिसतो.

डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक चित्र संपूर्ण पाठवले जात नाही. बहुधा अर्ध्या ते दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र येते. मधल्या काळात केवळ बदललेला भाग पाठवला जातो. वाहिनी बदलली की सेट-टॉप बॉक्सला नवी लहर पकडावी लागते, सशुल्क वाहिनीची सांकेतिक किल्ली मिळवावी लागते आणि पुढच्या पूर्ण चित्राची वाट पाहावी लागते. पूर्ण चित्रांमधील अंतर जितके वाढवावे, तितक्या अधिक वाहिन्या त्याच लहरींत कोंबता येतात. म्हणजे बचत प्रक्षेपकाची आणि प्रतीक्षा प्रेक्षकाची, अशी ही विभागणी आहे.

उपाय अज्ञात नाहीत. पूर्ण चित्रे लवकर लवकर पाठवता येतात. बॉक्समध्ये दुसरा ट्यूनर बसवून शेजारची वाहिनी आधीच तयार ठेवता येते. इंटरनेटच्या तंत्राने चालणाऱ्या दूरचित्रवाणीत नुकतेच गेलेले पूर्ण चित्र साठवून ते मागणाऱ्याला वेगाने पुरवता येते. या पद्धतीचा आराखडा इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने २०११ सालीच प्रसिद्ध केला.

यांपैकी काहीही फुकट नाही, हे मान्य केले पाहिजे. लहरी अधिक खर्च होतील, वाहिन्या थोड्या घटतील अथवा बॉक्स महागेल. प्रश्न इतकाच की ही निवड कोणी करायची? ग्राहकाला बॉक्स घेणे कायद्याने भाग पाडले असेल, तर त्याच्या गुणवत्तेचा निर्णय केवळ विक्रेत्याच्या नफ्यावर सोपवणे न्याय्य नव्हे. वाहिनी बदलण्यास लागणारा सरासरी वेळ मोजून जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर असावे आणि त्याची कमाल मर्यादा जाहीर सुनावणीनंतर ठरावी. ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. एका घरातील दोन सेकंद नगण्य असतील. कोट्यवधी घरांतील दोन सेकंद हा समाजाचा वेळ आहे.