शायोकाझाची शाळा आणि आपली वस्ती



धुळ्यानजीक लळिंगच्या डोंगरातील लांडोर बंगला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका खटल्याच्या कामानिमित्त धुळ्यास आले असता बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी तेथे मुक्कामास होते. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण दरवर्षी तेथे जमतो. परंतु बाबासाहेब त्या वेळी वकील म्हणून, हाती कागद घेऊन खानदेशात आले होते, ही गोष्ट त्या गर्दीत आपल्या ध्यानात राहत नाही. ती आज पुन्हा ध्यानात आणून देणारी माणसे मात्र आपल्यापासून हजारो मैल दूर, हंगेरी देशात आहेत.

हंगेरीत १९८९ पर्यंत साम्यवादी राजवट होती. त्या देशाच्या ईशान्येस मिश्कोल्त्स नावाचे शहर असून तेथे सरकारी मालकीचे मोठे पोलाद कारखाने चालत. आसपासच्या शायो नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी होत्या. या कामांवर रोमा जमातीची हजारो माणसे अंगमेहनतीची कामे करीत. राजवट गेली, कारखाने व खाणी बंद पडल्या, आणि कामावरून पहिल्याने कमी झाले ते रोमा. अमळनेरच्या आणि धुळ्याच्या गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर ज्यांच्या घरी चूल विझली, त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यांच्या मूळ बोलीत पाण्याला ‘पानी’ आणि नाकाला ‘नाख’ म्हणतात. हे ऐकून आपणांस आनंद होईल. पण या रक्ताच्या नात्याला मी स्वतः फारसे महत्त्व देत नाही. हंगेरीतील बहुसंख्य रोमा आज हंगेरियन भाषाच बोलतात. आपले आणि त्यांचे खरे नाते गावाबाहेरच्या वस्तीचे आहे, शाळेतल्या वेगळ्या बाकाचे आहे. तेथे कित्येक रोमा मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून निराळ्या शाळांत घालीत; २९ जानेवारी २०१३ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अशा दोन तरुणांच्या दाव्यात हंगेरी सरकारला दोषी ठरविले. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत तर वंशद्वेष्ट्यांच्या एका टोळीने सहा रोमांना ठार मारले. त्यांत एक लहान मूलही होते. खैरलांजीस तेव्हा जेमतेम दोनतीन वर्षे झाली होती.

अशा प्रदेशात तिबोर देर्दाक आणि स्वतः रोमा असलेले यानोश ओर्शोश या दोन कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र पडले. ते महाराष्ट्रात आले, आपल्या वस्त्या, वसतिगृहे व विहारे त्यांनी पाहिली, आणि परत गेल्यावर त्यांनी बौद्ध धम्माचा आधार घेऊन ‘जयभीम’ नावाने संघटना बांधली. २००७ साली शायोकाझा या खाणकामगारांच्या खेड्यात त्यांनी डॉ. आंबेडकर विद्यालय काढले. शाळा सोडलेल्या तरुण मुलामुलींना शालान्त परीक्षेपर्यंत नेणे, हे त्या शाळेचे काम. त्या परीक्षेवाचून तेथे ना बरी नोकरी, ना विद्यापीठाचे दार.

त्या शाळेत बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तेव्हा आपल्याकडे त्याच्या छायाचित्रांचे मोठे कौतुक झाले. शाळेचे कौतुक त्या मानाने पुष्कळच कमी झाले, हे खेदाने नमूद करावे लागते.

त्यांच्या वाट्यास कायद्याचे फटकेही आले. हंगेरीने २०११ साली नवा धर्मसंस्था कायदा करून शेकडो लहान धर्मसंस्थांची मान्यता काढून घेतली. जयभीम संघटनाही त्या तडाख्यात सापडली. मानवी हक्क न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी हा कायदा धर्मस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरविला. धर्म बदलला म्हणून सवलती गमावणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देण्यास १९९० साल उजाडावे लागले.

परंतु आपण सर्वांनी अभ्यासावे असे प्रकरण मिश्कोल्त्स शहरातले आहे. कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या एका जुन्या वस्तीत पुढे मुख्यतः गरीब रोमा कुटुंबे राहत असत. तेथील रस्त्यांना नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. शेजारच्या फुटबॉलच्या मैदानाचा विस्तार करावयाचा म्हणून नगरपालिकेने ती वस्ती उठविण्याचे ठरविले. मे २०१४ मध्ये तिने नियम केला की, घर सोडणाऱ्यास भरपाई मिळेल. मात्र तिच्यातून शहराच्या हद्दीबाहेरच घर घेतले पाहिजे आणि ते पाच वर्षे विकता कामा नये. म्हणजे पैसे घ्या आणि शहर सोडा! आसपासच्या काही गावांनी तर या लोकांना आपल्याकडे येऊ न देण्याचे उलट नियम केले. रोमा स्त्रीपुरुष रस्त्यावर उतरले, संस्थांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २०१५ साली हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमातील पक्षपाती कलमे रद्द केली.

येथे मला एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. निकाल लागला तरी घरे पडतच राहिली. कित्येकांचे भाडेकरार आधीच संपले होते, आणि करार संपलेल्या माणसाच्या हाती निकालाची प्रत असून उपयोग काय? आपल्याकडेही १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही मुंबईच्या पदपथांवरील लोकांना हटविण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला.

गेल्या वर्षी एक बौद्ध गृहस्थ अतिक्रमणाची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. आजोबांच्या काळापासूनचे घर. पण घरपट्टीची जुनी पावती नाही, शिधापत्रिकेवर पत्ता दुसराच. घरात बाबासाहेबांच्या तसबिरी मात्र चार होत्या. मी त्यांना हसलो नाही. माझ्या वडिलांच्या घरीही कागदांची स्थिती याहून बरी नव्हती.

म्हणून चोपड्यातील व तालुक्यातील प्रत्येक कुटुंबास माझी विनंती आहे. सरकारी जागेवरील घरे नियमित करण्याच्या शासकीय निर्णयांत १ जानेवारी २०११ ही तारीख वारंवार येते. त्या तारखेपूर्वीची घरपट्टीची पावती, विजेचे बिल, मतदारयादीतील नोंद, मुलांच्या शाळेचा दाखला, जे सापडेल ते एका पिशवीत घालून ठेवा. आपली विहारे वंदनेनंतर बहुधा कुलूपबंद असतात. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांची दारे उघडून शिकलेल्या मुलामुलींना हे कागद तपासावयास बसवा, आणि ज्या घरात एकही कागद निघणार नाही त्या घराचे नाव प्रथम लिहून घ्या.