एका न छापलेल्या छायाचित्राविषयी

या स्मरणिकेसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून छायाचित्रे मागविली, तेव्हा सर्वांत देखणे आले ते टिटवीचे. शहरालगतच्या एका तलावाकाठी, ऐन एप्रिलच्या उन्हात, पंख पसरून, चोच वासून ती कॅमेऱ्यावर धावून येत आहे आणि तिच्या मागे, खड्यांत खडे होऊन गेलेली चार अंडी आहेत. हे छायाचित्र आम्ही छापलेले नाही. ते का, अशी विचारणा अनेकांनी केली. तिचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ते पाहून आमचा ऊर भरून आला होता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यापूर्वीही त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे उतरत; मज्जाव होता तो आपल्या माणसांना. ज्यांच्या पणजोबांना पाणवठ्याशी उभे राहता येत नव्हते, त्या घरातला मुलगा आज कॅमेरा घेऊन तळ्याकाठी निर्धास्त बसतो, ही आमच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. टिटवी ओरडली की अशुभ, असे मानणाऱ्या मुलखात तो तिचे ओरडणे ऐकायला मुद्दाम जातो, याचेही आम्हांस कौतुक आहे.

परंतु टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंड्यांचा रंग हेच त्यांचे कुंपण. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी थंड ठेवते. छायाचित्रातला तिचा जो आवेश आपल्याला भावतो, ती तिची भीती आहे; आणि जितका वेळ ती कॅमेऱ्याशी झुंजत होती, तितका वेळ अंडी उन्हात होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे. मराठीला हे आधीच कळले असावे : बंदूकवाला पाखरू टिपतो, कॅमेरावालाही टिपतोच. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस कोणाचा, ही कथा आपल्या वसतिगृहातील लहानात लहान मूलही सांगू शकते.

हे सर्व ऐकून त्या विद्यार्थ्याने जो प्रश्न केला, तो मात्र आम्हांला निरुत्तर करणारा होता. “सर, ज्याच्याकडे लाखाची लेन्स आहे, तो लांबून फोटो काढतो. माझ्याकडे ती नाही. मी जवळ जाऊ नको, तर काय करू?” साधनांची ही विषमता आम्ही जन्मभर पाहिली आहे आणि तिच्यावर आमच्याजवळ तयार उत्तर नाही. तिची किंमत टिटवीने मोजावी, हे मात्र आम्हांला मान्य होत नाही. उजाडण्यापूर्वी जाऊन एका जागी स्वस्थ बसले, तर पुष्कळ पाखरे आपणहून जवळ येतात. न आली तर लांबचेच छायाचित्र घ्यावे. त्यात पाखराबरोबर पाणी, चिखल, काठची बाभूळ हेही येते. आम्ही इतिहास शिकवितो, त्यामुळे आम्हांला त्याचेच मोल अधिक वाटते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यापर्यंत कित्येक तळी कोरडी पडतात, तेथे नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बोरीच्या पाण्यावर अमुक दिवशी इतकी पाखरे होती, हे दाखविणारे तारखेसह छायाचित्र म्हणजे एक दस्तऐवजच होय. घरट्याचे ठिकाण मात्र कोणालाही कळवू नये. म्हणूनच वर आम्ही त्या तलावाचे नाव लिहिले नाही.

त्याच विद्यार्थ्याचे दुसरे छायाचित्र या अंकात घेतले आहे. जानेवारीची सकाळ, तळ्याचा उथळ काठ आणि लांब तांबड्या पायांचे अकरा शेकाटे. पक्षी फारच लहान दिसतात, अशी छापखान्याची तक्रार होती.