क्रेडिट संपलं, क्लस्टर संपला?

कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मित्राचा रेझ्युमे उघडा. बऱ्याचदा त्यात 'कुबरनेटिस' हा शब्द सापडतो. 'चालवलंयस कुठे?' असं विचारलं की उत्तर येतं, लॅपटॉपवर, नाहीतर क्लाउडच्या फुकट क्रेडिटवर. क्रेडिट संपलं की क्लस्टरही संपला! म्हणूनच आमचं म्हणणं आहे की तालुक्याच्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी स्वतःच्या हातांनी उभा केलेला एक तरी क्लस्टर हवा, आणि तोही स्वतःच्या सर्व्हरवर.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं. अशी पन्नास गाठोडी चार मशिनवर सांभाळायची तर मुकादम लागतो. माळेगाव बुद्रुकमध्ये मुकादम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवनगरच्या माळेगाव कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कुठली टोळी कुठल्या फडात, एक कोयता बसला तर बदली कोण, हे मुकादमच बघतो. कुबरनेटिसला आपण एवढंच सांगायचं, 'या ॲपच्या तीन प्रती कायम चालू पाहिजेत.' एक पडली की तो दुसरी उभी करतो. गुगलने स्वतःच्या 'बोर्ग' या व्यवस्थेच्या अनुभवावरून तो घडवला आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. लायसन्सचा एक रुपयाही लागत नाही.

मग लागतं काय? लॅबमधून बाद झालेले तीन-चार पीसी, एक नेटवर्क स्विच आणि एक यूपीएस. 'क्यूबॲडमिन'ने बसवायचं तर प्रत्येक मशिनला किमान २ जीबी रॅम आणि मुख्य मशिनला २ कोअर लागतात. याहून हलकं हवं असेल तर 'के-थ्री-एस' आहे, १०० एमबीच्या आत मावणारी एकच फाइल.

खरं शिक्षण सुरू होतं ते पुढे. पहिल्याच दिवशी कळतं की स्वॅप मेमरी चालू ठेवली तर 'क्यूबलेट' सुरूच होत नाही. क्लाउडवर एका ओळीत मिळणारा लोड बॅलन्सर इथे 'पेंडिंग' म्हणत बसून राहतो, कारण बाहेरचा आयपी द्यायला मागे कुणीच नसतं. त्यासाठी 'मेटलएलबी' बसवावं लागतं. डेटा कुठल्या डिस्कवर ठेवायचा हेही आपणच ठरवायचं.

आणि कोरम! क्लस्टरची सगळी नोंद 'एटसीडी' या डेटाबेसमध्ये असते आणि तिथे संचालक मंडळाच्या बैठकीसारखं बहुमत लागतं. तीन मुख्य मशिनपैकी एक बंद पडलं तरी कारभार चालतो. पण दोनच असतील आणि एक गेलं, तर उरलेल्या एकट्याला बहुमत नाही. म्हणजे दोन मशिन ठेवून एकापेक्षा जास्त सुरक्षितता मिळत नाही. हे पुस्तकात वाचून पटत नाही, वायर उपटून बघावं लागतं. कामाच्या मशिनची वायर काढली की मिनिटभरात ते 'नॉट रेडी' दिसतं. मात्र त्यावरचं काम दुसरीकडे हलवायला मूळ सेटिंगमध्ये आणखी पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं घड्याळ लावून मोजलेला मुलगा किंवा मुलगी इंटरव्ह्यूत अडखळणार नाही.

आता दुसरी बाजू. लाइट जाते, सिक्युरिटी पॅच आपणच टाकायचे, बॅकअप आपणच घ्यायचा, आणि परीक्षेच्या काळात हे बघणार कोण? आक्षेप खरा आहे. एका वर्गाच्या हजेरीच्या ॲपसाठी कुबरनेटिस लावणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि ॲप्स स्वतःच्या सर्व्हरवर आणली. तीही कुबरनेटिस न वापरता, 'कमाल' हे स्वतःचं साधं टूल बनवून. त्यामुळे फीच्या किंवा निकालाच्या सिस्टिम लगेच यावर आणा, असं आम्ही म्हणत नाही. आधी लॅबपुरता चालवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सोबत घ्या, म्हणजे सिनिअर पास होऊन गेले तरी क्लस्टर अनाथ होणार नाही.

हा हट्ट फक्त नोकरीसाठीही नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा ऊसशेतीतला एआय प्रयोग २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी जगाला दाखवला. अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण ते चालतं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर. उद्या इथल्याच शेताचा डेटा इथल्याच सर्व्हरवर ठेवायचं कुणी ठरवलं, तर तो सांभाळणारी मुलं तालुक्यात असतील का? क्लाउड वापरणं वाईट नाही, पण दुसरा पर्यायच येत नसणं वाईट.

पुण्याला हा धडा नवा नाही. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तोही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. तंत्र वेगळं होतं, पण आपल्याकडे आहे ते जोडून कामाला लावायची जिद्द तीच.

तेव्हा मित्रांनो, या सेमिस्टरला एचओडींकडे अर्ज द्या. बाद झालेले पीसी भंगारात जाण्याआधी मागून घ्या. सरांनी 'कशाला रे?' विचारलं तर सांगा, 'सर, तीन द्या. दोनवर कोरम होत नाही.'