चार शब्दांचं नाव, तीन चौकटींचा फॉर्म

शेख हे आडनाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिलं जातं, ते एकदा आपल्याच घरात मोजून पाहा. अब्बांच्या पॅन कार्डावर 'एस-एच-ई-आय-के-एच', अम्मीच्या आधारवर 'ई'च्या जागी 'ए', भाईजानच्या दहावीच्या मार्कशीटवर शेवटचा 'एच' गायब, आणि धाकटीच्या शाळेत कुणीतरी घाईत असताना नुसतं 'एस के' टाकून मोकळं झालेलं. पोस्टमननं खालून "शेख!" अशी हाक मारली की चौघंही गॅलरीत येतात. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ही चार वेगवेगळी खानदानं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आमच्या मराठवाड्यात मामला आणखी रंगतो. समजा एखाद्याचं नाव आहे शेख सलीम शेख करीम. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा आडनाव, मग वडिलांचं. ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आता हा सलीम ऑनलाइन फॉर्म भरायला बसतो. समोर तीन चौकटी: फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. तिन्हींपुढे लाल चांदणी, म्हणजे रिकामी ठेवायची सोय नाही. चार शब्द तीन चौकटींत कोंबायचं काम मग ई-सेवा केंद्रातला पोऱ्या करतो, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे येईल ते सलीमचं अधिकृत नाव होतं. कधी फर्स्ट नेम शेख, कधी लास्ट नेम करीम. पुढे बँकेतून फोन येतो, "मिस्टर करीम बोलताय का?" सलीम फोन अब्बांकडे देतो.

बायकांच्या नावांचे हाल तर विचारूच नका. शबाना बी मधली 'बी' एका कागदावर आडनाव होते, दुसऱ्यावर तिच्यापुढे टिंब पडून ती इनिशियल होते, तिसऱ्यावर ती नसतेच. मग खिडकीमागचा माणूस विचारतो, "बी फॉर काय?"

हसायला ठीक आहे. पण माझ्या खालाच्या मुलीला बारावीला ८१ टक्के मिळाले, पदवीला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि तो परत आला. कारण एका ओळीचं: नाव जुळत नाही. मार्कशीट आणि आधार यांत एका स्वराचा फरक होता. कॉलेजच्या ऑफिसनं सांगितलं, गॅझेट करून आणा. स्टॅम्प पेपर, नोटरी, प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव छापून येण्याची वाट. तेवढ्यात अर्जाची मुदत संपली. शिष्यवृत्ती मिळाली, पण पुढच्या वर्षापासून. पहिल्या वर्षाची फी खालानं बांगड्या मोडून भरली. एका स्वराची ही किंमत झाली.

याच मुलीचा धाकटा भाऊ बीजीएमआय खेळतो. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा त्याच्या घरात दोन दिवस सुतक होतं, आणि २०२१ च्या जुलैत तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला तेव्हा ईद. खेळात याचं नाव काय आहे ते मला आजवर वाचता आलेलं नाही. तीन-चार लिप्यांची अक्षरं, मध्ये एक तलवार, शेवटी मुकुट. महिन्या-दोन महिन्यांनी तो ते बदलतो. त्यासाठी खेळात रिनेम कार्ड नावाची चीज मिळते. कार्ड वापरलं, नाव बदललं, काम झालं. त्याची रँक, त्याच्या बंदुका, त्याचे दोस्त, सगळं जागच्या जागी. कारण त्या नावाआड एक लांबलचक नंबर आहे आणि तो कधीच बदलत नाही. नाव हाक मारायला आणि नंबर हिशेब ठेवायला, हे त्या खेळवाल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलेलं आहे. खाला दिवसभर ओरडते, की त्या खेळात काही अक्कल नाही. निदान या एका बाबतीत मी तिच्याशी सहमत नाही.

आपल्याकडे नंबर नाहीत असं थोडंच आहे? आधारचा नंबर बारा आकडी. नव्या शैक्षणिक धोरणाखाली विद्यार्थ्यांसाठी आलेला अपार आयडी, तोही बारा आकडी. पण अपार काढायचा तर शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. म्हणजे नावांचा घोळ मिटावा म्हणून नंबर दिला, आणि नंबर घेण्यासाठी आधी नावांचा घोळ मिटवून या. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. खेळातला पोरगा वर्षात त्याहून जास्त वेळा बदलतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

उद्या कुणी दुसऱ्याचाच नंबर वापरून पैसे उचलू नये, म्हणून नाव तपासतात, हे मला मान्य आहे. पण तपासायला जन्मतारीख आहे, ओटीपी आहे, फोटो आहे, अंगठा आहे. आणि नाव तपासायचंच असेल तर अक्षर-न्-अक्षर कशाला? रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाला १९१८ साली एका युक्तीचं पेटंट मिळालं. तिला साउंडेक्स म्हणतात. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे अंक द्यायचे. आपल्या शेखची पूर्ण लिहिलेली तिन्ही स्पेलिंगं या चाळणीतून काढली की एकच उत्तर येतं: एस-२००. मोहम्मद घ्या. पहिला स्वर 'ओ' लिहा की 'यू', मधला 'एम' एक घ्या की दोन, शेवटी 'ए' की 'ई', उत्तर एम-५३०. 'एस के' आणि 'एमडी' या आखूड रूपांपुढे मात्र रसेलसाहेबही हात टेकतात. आणि ही चाळणी कधीकधी भलतीच दोन नावंही एकत्र आणते. म्हणून अशा नावांवर शेवटी माणसानं नजर टाकायला हवी. पण 'जुळत नाही' म्हणून अर्ज फेकणं वेगळं आणि 'जुळतंय असं वाटतं, बघून घ्या' म्हणून पुढे पाठवणं वेगळं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये साउंडेक्सचं फंक्शन आयतं बसवलेलं असतं. बीसीए करणाऱ्यांनी आज रात्री घरच्यांची नावं घालून चालवून पाहावं.

पॅट्रिक मॅकेंझी या तेव्हा जपानमध्ये राहणाऱ्या प्रोग्रॅमरनं २०१० मध्ये एक लेख लिहिला होता. नावांविषयी प्रोग्रॅमर लोक जे गैरसमज उराशी बाळगतात, त्यांची त्यानं चाळीस कलमांची यादीच दिली. प्रत्येकाला एकच पक्कं नाव असतं, ते कधी बदलत नाही, ते एकाच पद्धतीनं लिहिलं जातं, वगैरे. तो लेख सॉफ्टवेअरवाल्यांत गाजला. आपल्याकडच्या पोर्टलांपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही.

आणि हा शिष्यवृत्तीपुरता मामला नाही. आसाममध्ये २०१९ साली एनआरसीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. तिथल्या सुनावण्यांत नावाचं स्पेलिंग कागदागणिक वेगळं असणं, हे निमित्त पुन्हा पुन्हा निघत होतं. एका 'ए'च्या जागी 'ई' आला म्हणून बापाचा मुलगा कोण हे सिद्ध करत फिरायचं. आपण इथे हसतोय ते फी गेली म्हणून. तिथे पणाला काय लागलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्या बाजूलाही एक काम आहे. अकीक्याला आपण नावाचा अर्थ मौलानांना विचारतो, खाला-फुफींची भांडणं होतात, बकरा ठरतो. स्पेलिंग मात्र कुणीच ठरवत नाही. ते महापालिकेच्या जन्मनोंदणीतला कारकून ठरवतो, त्याच्या कीबोर्डवर जे बटण हाताशी असेल त्याप्रमाणे. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचायचा, आणि शाळेत घालताना तोंडी नाव न सांगता तोच पुढे ठेवायचा.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नावही लागतं. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव आलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्या हिशेबानं उद्याचा एखादा सलीम 'सलीम फातिमा करीम शेख' होईल. पुन्हा चार शब्द. ही मुलं २०३० मध्ये पहिलीच्या वर्गात बसतील, आणि फातिमाचं नाव मिडल नेममध्ये घालायचं की फर्स्ट नेमला चिकटवायचं, हे ई-सेवा केंद्रातला कोणी पोऱ्या ठरवत बसलेला असेल.