ह्यूमन एरर

तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. आळस नव्हता, ऑन-कॉल होतं. आज रविवार आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी आहे, म्हणून हे खरडतोय :)

काल नेरूळहून उरणची लोकल पकडून मामाकडे गेलो होतो. मामा न्हावा शेवाला ट्रेलर चालवतो, वीसेक वर्षं झाली. जेवताना २०१७ चा विषय निघाला. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि 'बंदरात व्हायरस' हे ऐकून आम्ही मित्र हसलो होतो. मामा मात्र तेव्हा करळ फाट्याजवळ दोन रात्री रांगेत केबिनमध्ये झोपला होता. पैसे फेरीवर. फेरी नाही तर पैसे नाहीत.

झालं होतं असं. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. वरवर खंडणी मागणारा, पण पैसे भरूनही डेटा परत मिळायची सोय त्यात नव्हतीच. युक्रेनमध्ये धंदा करणाऱ्या मर्स्कच्या नेटवर्कमध्ये तो शिरला आणि त्याच ग्रुपचं न्हावा शेवातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या, माणसं जागेवर होती. पण यार्डात एकावर एक रचलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या हजारो पेट्यांपैकी कुठली कुणाची आणि कुठली कुठे, हे सांगणारी सिस्टीमच गेली. मग हाताने काम, जहाजं शेजारच्या टर्मिनलकडे, आणि बाहेर ट्रकच्या रांगा.

आता आपल्या लोकांच्या इंटरेस्टचा भाग. हा व्हायरस विंडोजच्या ज्या भोकातून पसरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. अर्थात नुसत्या पॅचने भागलं नसतं, कारण तो मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पॅच केलेल्या मशीनवरही उडी मारायचा. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर एकमेकांचे बॅकअप होते, म्हणजे सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण त्या वेळी तिथली लाईट गेली होती! हे मामाला सांगितलं तर तो इतका हसला की ठसका लागला. पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे केले, असं त्यांच्या चेअरमननेच २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. टाळ्याही पडल्या असतील. ते दहा दिवस कोण किती तास झोपलं, हे कुणी विचारलं की नाही कोण जाणे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. 'वायर्ड'मध्ये अँडी ग्रीनबर्गने या प्रकरणावर मोठा लेख लिहिलाय. त्यात आहे की हल्ल्याच्या आधीच सिक्युरिटी सुधारायचा प्लॅन मंजूर होता, बजेटही होतं. फक्त आयटीच्या वरच्या साहेबांच्या केपीआयमध्ये ते काम नव्हतं. म्हणजे ते केलं काय, न केलं काय, बोनस तोच. काम राहिलं.

तुमच्या ऑफिसात यापेक्षा वेगळं आहे का, प्रामाणिकपणे सांगा. माझ्या नाही. आमच्याकडे (कंपनीचं नाव विचारू नका, ईएमआय चालू आहे) एक पॅच तीन स्प्रिंट पुढे ढकलला गेला. त्यातल्या एका मीटिंगमध्ये 'नंतर बघू' म्हणणारा मीच होतो, उगाच साव बनत नाही. मग गेल्या पंधरवड्यात, सलग एकोणीस तास जागा असताना, रात्री तीनला मी बरोबर कमांड चुकीच्या विंडोत चालवली. चाळीस मिनिटं सर्व्हिस बंद. कुणी मेलं नाही, कुणी उपाशीही झोपलं नाही, निदान मला माहीत असलेलं तरी. रिपोर्टमध्ये 'मूळ कारण' या रकान्यात दोन शब्द आले: ह्यूमन एरर. पुढे माझं नाव.

मामाला हे सांगितलं. त्याने ताटातलं शेवटचं बोंबील संपवलं आणि म्हणाला, "आमच्यात पण तेच असतं. गाडी ठोकली की ड्रायव्हर झोपला होता म्हणतात. किती रात्री झोपला नव्हता, ते कुणी लिहीत नाय."

रिपोर्ट अजून फायनल नाही, उद्या सही करायची आहे. टीममधली एक जागा जानेवारीपासून रिकामी आहे, पॅचच्या तीन तारखा चुकल्या (त्यातली एक माझ्यामुळे) आणि एकोणीस तास, एवढं त्या रकान्यात आत्ताच टाईप करून ठेवलंय. अजून सेव्ह केलेलं नाही. मॅनेजर काय म्हणतो ते पुढच्या रविवारी सांगतो, लॅपटॉप माझ्याकडे असला तर.